ओळखीच्या माणसाचे पुस्तक सुचवावे का? निमित्त : भांडी बाजारातली एक वही

गोदाकाठ

आरंभीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणाला उगाच शोध घ्यावा लागणार नाही. ज्या पुस्तकासाठी मी हा धागा काढत आहे, त्याच्या लेखकाला मी गेली बत्तीस वर्षे ओळखते. माझ्या लग्नातली पितळी परात, हंडा आणि दोन कळशा त्यांच्याच दुकानातल्या आहेत. मुलीच्या बारशाला वाटलेल्या फुलपात्रांवरची नावे मी त्यांच्याच ओट्यावर बसून घालून घेतली होती. शिवाय या पुस्तकाची मुद्रिते मी तपासलेली आहेत, त्यामुळे शुद्धलेखनाच्या चुका सापडल्या तर त्या माझ्या समजाव्यात. इतके लागेबांधे असलेल्या बाईने एखाद्या पुस्तकाची शिफारस करावी का, या विचारात माझे दोन महिने गेले. शेवटी असे ठरवले की आधी नाते सांगावे, मग पुस्तकात काय आहे ते सांगावे, दोषही सांगावेत आणि निवाडा वाचणाऱ्यांवर सोपवावा. इथे जाहिरातीला मनाई आहे आणि ती योग्यच आहे, म्हणून पुस्तकाचे आणि लेखकाचे नाव मी उघड लिहीत नाही. ज्यांना हवे असेल त्यांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करावा.

लेखकांचे वय आज सदुसष्ट आहे आणि नाशिकच्या भांडी बाजारात त्यांचे वडिलोपार्जित दुकान आहे. बाजारात त्यांना सगळे शेठ म्हणतात. मी पहिल्यापासून दादा म्हणत आले आहे, म्हणून इथेही दादाच लिहीन. यापूर्वी त्यांनी काहीही लिहिलेले नाही. वाचन मात्र दांडगे आहे. १८४० पासून चालत आलेल्या आपल्या सार्वजनिक वाचनालयाचे ते शाळकरी वयापासून सभासद आहेत, आणि दुकानात गिऱ्हाईक नसेल तेव्हा तराजूशेजारी उपडे ठेवलेले पुस्तक मी कायम पाहिलेले आहे.

पुस्तक उभे आहे ते 'मोड' या एका शब्दावर. नव्या पिढीतल्या वाचकांसाठी थोडे सविस्तर सांगते. पूर्वी नवे भांडे घ्यायला जाताना घरातले फुटके, गळके किंवा नको झालेले भांडे बरोबर नेत असत. दुकानदार ते तोलून घेई, डाग दिलेला, म्हणजे झाळून भोक बुजवलेले असेल तर त्याची तूट वजा करी आणि मोडीच्या भावाने येणारी रक्कम नव्या भांड्याच्या किमतीतून कमी करी. साठलेली मोड पुढे भट्टीत वितळे आणि तिचे पुन्हा पत्रे होत. स्टेनलेस स्टील घरोघर शिरू लागले तेव्हा या मोडीला पूर आला. धड असलेली, नुसतीच घासायला जड जाणारी पितळ पोत्यांनी दुकानात येऊ लागली. कल्हई करून घेण्याचा खर्च आणि कटकट आता नको, एवढेच कारण बहुतेक बायका सांगत.

या भांड्यांवर नावे असत. कोणी कोणाला, कशानिमित्त, कोणत्या साली दिले ते छिन्नीने टिंब टिंब ठोकून उमटवलेले असे. दादांचे वडील मोड भट्टीला पाठवण्याआधी प्रत्येक भांड्यावरची ही अक्षरे एका लांबट, लाल कापडी बांधणीच्या वहीत उतरवून ठेवत. १९५८ ते १९९१ अशी तेहेतीस वर्षे त्यांनी ते केले. त्यामागचे कारण अगदीच रोकडे होते, आणि दादांनी त्याला भावनेचा मुलामा दिलेला नाही म्हणून ते मला फार आवडले : एखादे भांडे चोरीचे निघाले आणि पोलीस दारात आले, तर कोणाकडून काय घेतले ते दाखवता यावे. पुढे भीती गेली असावी, पण सवय राहिली. वहीची पहिली पाने शेर आणि छटाकांत आहेत. मग दशमान वजने आली आणि मधली काही पाने दोन्ही हिशेबांत अडखळत पुढे गेली. त्यानंतर सगळी वही किलो-ग्रॅममध्ये चालते. पुस्तकात एकेका नोंदीवर एकेक छोटे प्रकरण आहे. नोंदी साधारण अशा :

"कळशी पितळी, कानाशी डाग, २ किलो १०० ग्रॅम. अक्षरे : माहेरची भेट, वैशाख शके १८६३."

शके १८६३ म्हणजे १९४१. हे पुस्तक नेमके कोणत्या जातीचे आहे ते कळावे म्हणून त्यातला एक प्रसंग माझ्या शब्दांत सांगते. एक बाई घंगाळ घेऊन येतात. दादा तेव्हा कॉलेजात होते आणि तोलायला तेच बसले होते. बाई पन्नास ग्रॅमवरून वाद घालतात, तराजूच्या पारड्याखाली काही चिकटवलेले नाही ना ते वाकून पाहतात, मग मोडीच्या भावावरून वाद घालतात आणि अखेर स्टीलचे दोन डबे घेऊन जातात. घंगाळाच्या काठावर नाव आहे, त्याकडे त्या एकदाही पाहत नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या परत येतात, ओट्यावर न चढता खालूनच विचारतात, "कालचं गेलं का भट्टीला?" दादा म्हणतात, गेले. त्या म्हणतात, "बरं झालं," आणि निघून जातात. प्रकरण इथेच संपते. ते नाव कोणाचे होते हे दादांनी लिहिलेले नाही. वहीत ते आहे. मी पाहिले आहे, आणि न लिहिण्यात त्यांनी औचित्य दाखवले आहे असे माझे मत झाले.

आता दोष. तिसऱ्या प्रकरणात घराण्याची बावीस पाने आहेत. ती कितीही वेळा वाचली तरी कोण कोणाचा चुलत ते लक्षात राहत नाही, तेव्हा ती सरळ सोडून पुढे जावे. छायाचित्रे अंधुक छापली गेली आहेत. 'पूर्वीचे सगळे चांगले' हा सूर काही ठिकाणी डोके वर काढतो. १८४ पाने आहेत, स्वखर्चाने ३०० प्रती काढल्या आहेत, आणि किंमत २५० रुपये आहे.

आपणही कधी ओळखीच्या माणसाचे पुस्तक मनापासून सुचवले असेल, तर ते कसे सुचवलेत, हेही इथे लिहावे.

सिडकोवासी

धागा प्रामाणिक आहे, म्हणून प्रतिसादही प्रामाणिकपणे देतो. माझ्या कपाटात 'सप्रेम भेट' असे लिहून स्वाक्षरी केलेली अकरा पुस्तके आहेत. ती सर्व मी प्रकाशन समारंभांत रांगेत उभे राहून विकत घेतली, कारण लेखक कार्यालयातले सहकारी, सोसायटीतले शेजारी किंवा पत्नीच्या माहेरचे होते. त्यातली दोन मी वाचली. एका समारंभात तर प्रमुख पाहुण्यांनी "पुस्तक अद्याप वाचण्याचा योग आला नाही, परंतु" अशी सुरुवात करून त्या 'परंतु'वर पाऊण तास भाषण केले होते. ओळखीच्या माणसाचे लेखन नावाजणे हा आपल्याकडे लग्नातल्या आहेरासारखा व्यवहार झाला आहे. आज मी तुमचे नावाजतो, उद्या तुम्ही माझे नावाजा.

आपण दोष सांगितलेत, पण ते असे आहेत की ऐकून कोणाला राग येणार नाही. अंधुक छायाचित्रांबद्दल मुद्रकाला दोष देता येतो. मला असे विचारायचे आहे की या पुस्तकातले काही आपल्याला खरोखर न आवडलेले होते का, आणि ते आपण लेखकाला तोंडावर सांगितलेत का? सांगितले असेल तर मी आपल्या शिफारशीवर विश्वास ठेवून व्यनि करीन.

गोदाकाठ

@सिडकोवासी, प्रश्न नेमका आहे आणि उत्तर देताना मला थोडे अवघडल्यासारखे होत आहे.

पहिला खर्डा दादांनी माझ्या हाती दिला तेव्हा त्यात वही नव्हतीच. ते वडिलांचे चरित्र होते. वडील हे वटवृक्ष होते, दीपस्तंभ होते, त्यांच्या मुखावर सदैव प्रसन्न हास्य विलसत असे, असे सव्वाशे पानी. मी त्यांच्या वडिलांना पाहिलेले आहे. ते अतिशय चोख आणि काहीसे तिरसट गृहस्थ होते, आणि त्यांना हसताना मी पाहिल्याचे मला आठवत नाही. मी आठ दिवस खर्डा घरात ठेवला. मग दुकानात जाऊन दादांना म्हणाले की या पुस्तकातले गृहस्थ मला भेटलेले नाहीत. दादा काही बोलले नाहीत. त्यांनी समोरच्या गिऱ्हाइकाला तांब्या बांधून दिला आणि मला चहासुद्धा विचारला नाही. बत्तीस वर्षांत असे पहिल्यांदाच घडले. त्यानंतर महिनाभर आमचे बोलणे बंद होते.

महिन्यानंतर एका संध्याकाळी ते आमच्या घरी आले आणि पिशवीतून ती लाल वही काढून माझ्यापुढे ठेवली. "हे तरी बघ, यात वडील हसत नाहीत," एवढेच म्हणाले. पोटमाळ्यावर असल्यामुळे ती वही २००८ च्या आणि २०१६ च्या पुरांतून वाचली होती. त्या रात्री मी दोनपर्यंत वाचत बसले. पुढचे पुस्तक त्यातून झाले. वटवृक्ष आणि दीपस्तंभ गेले. तिसऱ्या प्रकरणातली वंशावळ मात्र जाईना. ती काढा म्हणून मी तीन वेळा सांगितले. बंधू नाराज होतील असे त्यांचे म्हणणे पडले आणि ती राहिली.

एवढ्याने आपले समाधान होईल की नाही ते ठाऊक नाही, पण तोंडावर सांगितले का, या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आहे.

सिडकोवासी

झाले. व्यनि केला आहे.

मखमलाबादकर

आमच्याकडे आजीचे तांब्याचे घंगाळ आणि पाणी तापवायचा बंब अजून आहे. बंबाची नळी गळते. डाग देणारा माणूस आता कुठे मिळेल, ते आपल्या दादांना विचारून कळवाल का? पुस्तकही हवे आहे, व्यनि करतो. मूळ विषयावर बोलायचे तर, मी मावसभावाचा कवितासंग्रह एकदा मित्राला सुचवला होता आणि कवी मावसभाऊ आहे हे सांगितले नव्हते. मित्राने ते नंतर शोधून काढले. त्यानंतर मी सुचवलेल्या हॉटेलातसुद्धा तो जात नाही. तेव्हा नाते आधी सांगण्याची आपली रीत मला पटली.

रसायनाचा तास

धागा वाचून पुस्तक मागवले आणि काल रात्री संपवले. मी निवृत्त शिक्षिका आहे. तीस वर्षे शाळेत रसायनशास्त्र शिकवले, त्यामुळे सर्वांत आधी कल्हईचे प्रकरण उघडले. लेखकांची आणि माझी ओळख नाही, तेव्हा माझ्या मताला निदान तो रंग नाही.

प्रकरण अतिशय सुंदर उतरले आहे. गल्लीच्या तोंडाशी जमिनीत केलेला खळगा, त्यात पेटवलेला कोळसा, पोराने पायाने हलवायचा भाता, भांडे तापले की त्यात टाकलेली नवसागराची चिमूट, भस्सकन उठणारा पांढरा धूर, मग कथिलाची कांडी एकदाच आतून फिरवून कापसाच्या बोळ्याने सर्वत्र पसरवलेली ती चकाकी आणि शेवटी पाण्यात बुडवताना होणारा चर्र आवाज, हे सगळे क्रमाने आणि घाई न करता लिहिले आहे. कल्हई का करायची याचे उत्तरही त्यांनी शास्त्राच्या शब्दांत न देता ताकावरून दिले आहे. पितळी भांड्यात ताक ठेवले की ते कळकते, एवढेच त्यांची आजी सांगत असे. आंबट पदार्थातले आम्ल तांब्यावर काम करते आणि त्यातून होणारे क्षार पोटात जाऊ नयेत म्हणून मध्ये कथिलाचा पातळ थर लागतो, हे मी वर्गात अर्धा तास शिकवत असे. आजीबाईंचे एका वाक्यात होत होते.

दोन गोष्टी मात्र लिहिल्याच पाहिजेत. लेखक म्हणतात की भांडे 'लालबुंद' होईपर्यंत तापवत. तसे नसते. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते. भांडे त्याहून थोडे अधिक तापले की काम होते. लालबुंद होण्याइतके तापवले, तर कथील बसण्याऐवजी जळून जाईल. नवसागराचे कामही धूर काढण्याचे नसते. तो तापला की त्यातून अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड सुटतात, आणि धातूवर धरलेला ऑक्साइडचा थर निघून पृष्ठभाग स्वच्छ होतो, म्हणून त्यावर कथील धरते. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. कथील महाग आणि शिसे स्वस्त, म्हणून कल्हईच्या कथिलात शिसे मिसळण्याचे प्रकार होतात आणि शिसे हे विष आहे. हे प्रकरण वाचून कोणी हौसेने जुनी पातेली बाहेर काढील आणि वाटेल त्याच्याकडून कल्हई करून घेईल, म्हणून पुढच्या आवृत्तीत याविषयी चार ओळी याव्यात. लेखकांनी जे पाहिले ते मनापासून लिहिले आहे, परंतु जे पाहिलेले असते ते नेहमी पुरेसे असतेच असे नाही.

जुन्या नाशकातला

मी लेखकांना केवळ चेहऱ्याने ओळखतो. त्यांच्या दुकानावरून रोज जातो, पण आत कधी गेलेलो नाही. पुस्तक माझ्या हाती मुलाने दिले.

माझ्या दृष्टीने या पुस्तकातले सर्वांत मोलाचे प्रकरण १९६९ च्या महापुराचे आहे. त्या पुराविषयी नाशकात प्रत्येक घरात एक कथा आहे आणि ती सांगताना सर्व जण पाणी कुठपर्यंत आले यावरच थांबतात. गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला लागले, गळ्याशी आले, मारुती दिसेनासा झाला, आणि सर्वांत शेवटी नारोशंकराच्या घंटेला पाणी लागले. आमची पिढी पूर याच फूटपट्टीने मोजत आली. १७४७ सालचे ते देऊळ आणि वसईच्या १७३९ च्या विजयाची आठवण असलेली ती घंटा परगावच्यांना इतिहास म्हणून ठाऊक असते, आम्हाला ती पाण्याची खूण म्हणून ठाऊक आहे. या लेखकांनी मात्र पाणी किती चढले यापेक्षा ते ओसरल्यावर काय झाले, ते लिहिले आहे. ते तेव्हा अकरा वर्षांचे होते. दुकानात उताणे ठेवलेले प्रत्येक पातेले होडीसारखे तरंगत बाहेर गेले, आणि एकात एक घालून सुतळीने बांधलेल्या चवडी तेवढ्या चिखलात जागच्या जागी सापडल्या, हे निरीक्षण ज्याने तो चिखल स्वतः उपसला त्यालाच सुचेल. पार तपोवनाकडे वाहून गेलेली भांडी पुढे कित्येक दिवस लोक आणून देत होते आणि वडील प्रत्येकाला विचारत होते, "कशावरून आमचं?", हे वाचून मी मोठ्याने हसलो.

आता दुरुस्ती. पान ६१ वर लिहिले आहे की 'तेव्हा गंगापूर धरण झालेले नव्हते, म्हणून एवढा पूर आला.' हे चूक आहे. गंगापूर धरण १९६५ मध्ये पूर्ण झाले होते. धरण असूनही पूर आला. धरण भरलेले असताना वर मुसळधार पाऊस झाला की पाणी सोडावेच लागते, शिवाय धरणाखालच्या भागातला पाऊस आणि वाघाडीसारखे नाले थेट शहरातच गोदावरीला मिळतात. पुढे २००८ च्या सप्टेंबरात आणि २०१६ च्या ऑगस्टात सराफ बाजार आणि भांडी बाजार पुन्हा पाण्यात गेले, तेव्हा तर धरण चांगले जुने झाले होते. अकरा वर्षांच्या मुलाला तसे वाटले असेल तर समजू शकतो, किंवा घरातल्या मोठ्यांनी तसे सांगितले असेल. परंतु छापील पुस्तकात ते गेले की उद्या कोणीतरी तेच उद्धृत करील. ज्यांनी मुद्रिते तपासली त्यांच्या हे ध्यानात यायला हवे होते. राग नसावा.

गोदाकाठ

@जुन्या नाशकातला, राग कसला, लाज वाटली. ती ओळ मी किमान चार वेळा वाचली आहे आणि प्रत्येक वेळी अनुस्वार पाहून पुढे गेले आहे. दादा सांगतात म्हणजे तसेच असणार, असे मनाने धरले होते. अनोळखी लेखक असता तर मी साल पडताळून पाहिले असते.

@रसायनाचा तास, आपला प्रतिसाद छापून दादांना देणार आहे. शिशाचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे.

@मखमलाबादकर, डाग देणारे एक कारागीर आहेत, पत्ता व्यनि करते.

तांबटाची लेक

इतके दिवस वाचत होते, लिहू की नको असे चालले होते.

माझे माहेर नाशिकचेच आणि आम्ही तांबट. वडिलांनी वयाच्या बाराव्या वर्षी हातोडा धरला आणि पंचावन्न वर्षे ठोक्याचे काम केले. पत्रा तापवायचा, नरम करायचा, ऐरणीवर घेऊन खोलवायचा, पुन्हा तापवायचा, आणि आकार आला की शेवटी ओळीने ठोके द्यायचे. हे ठोके शोभेसाठी असतात असे गिऱ्हाइकांना वाटते. खरे म्हणजे ठोक्यांनी पत्रा कडक होतो आणि भांडे पोचत नाही. एका हंड्यावर किती हजार ठोके बसतात ते मी लहानपणी मोजायचा प्रयत्न केला होता, पण दरवेळी झोप लागली. आज वडिलांना जवळजवळ ऐकू येत नाही. ज्या घरात सकाळी सातपासून तांबे ठोकले जाते, त्या घरातल्या माणसांचे कान असेच जातात.

पुस्तक मी वाचले आणि मला ते आवडलेही. घंगाळाच्या बाईंचे प्रकरण मी आईला वाचून दाखवले. परंतु इथे सर्व जण ज्या कौतुकाने बोलत आहेत, त्यात माझ्या मनातली एक गोष्ट कोणालाच सुचलेली नाही. १८४ पानांत कारागिरांविषयी एक परिच्छेद आहे, आणि त्यात मजुरी किलोवर कशी ठरत असे तेवढेच आहे. भांड्यावर देणाऱ्याचे नाव असते, घेणाऱ्याचे असते, आणि दुकानदाराने ती दोन्ही तेहेतीस वर्षे जपून वहीत लिहिली. ज्याने ते भांडे घडवले त्याचे नाव भांड्यावरही नसते आणि वहीतही नाही. लेखकांनी लपवले असे मी म्हणत नाही. ते ओट्यावर बसून लिहीत होते आणि ओट्यावरून रस्ता दिसतो, मागची आळी दिसत नाही. तेव्हा ज्यांना हे पुस्तक सुचवायचे आहे त्यांनी 'नाशिकच्या भांड्यांचे पुस्तक' म्हणून सुचवू नये. 'एका दुकानाचे पुस्तक' म्हणावे. तसे म्हटले, तर मीही सुचवीन.

सिडकोवासी

या प्रतिसादानंतर मी पुस्तक पुन्हा चाळले. तो परिच्छेद पान १०२ वर आहे आणि पहिल्या वाचनात मी त्यावरून सरळ पुढे गेलो होतो. बाकी पुस्तकाविषयी माझे मत चांगलेच आहे. कपाटातल्या अकरांशी तुलना करण्याचा प्रश्नच नाही, शिवाय यावर स्वाक्षरीही नाही.

गोदाकाठ

@तांबटाची लेक, आपला प्रतिसाद आल्यावर दोन दिवस काय लिहावे ते सुचले नाही.

धागा काढताना मला एकच भीती होती की ओळखीमुळे माझ्या हातून अवास्तव स्तुती होईल. म्हणून मी दोष शोधून शोधून मांडले, सव्वाशे पानांचा खर्डा परत केल्याचे सांगितले, आणि मनात कुठेतरी स्वतःच्या निःपक्षपातीपणावर खूशही होते. आपण जे दाखवलेत ते मात्र मला दिसलेच नाही. मी बत्तीस वर्षे त्याच ओट्यावर बसून चहा प्यायले आहे. ठोक्यांचा आवाज मागून येत असे, आणि आम्ही तो आवाज चुकवून जरा मोठ्याने बोलत असू. तो कोणाच्या घरातून येतो हे विचारावेसे मला वाटले नाही, मग दादांनी का लिहिले नाही असे कोणत्या तोंडाने विचारणार? मूळ लेखातले शब्द आता बदलता येत नाहीत, म्हणून इथेच नोंदवते : हे एका दुकानाचे पुस्तक आहे.

काल सर्व प्रतिसाद छापून घेऊन दुकानात गेले होते. दादांनी चष्मा पुसून सगळे वाचले, मध्ये दोन गिऱ्हाइके झाली. धरणाची चूक त्यांनी लगेच मान्य केली. वडील तसे म्हणत असत, एवढेच बोलले, आणि उरलेल्या सगळ्या प्रती खाली काढायला सांगितल्या. आम्ही दोघांनी आणि दुकानातल्या मुलाने मिळून १३४ प्रतींमधली पान ६१ वरची ती ओळ शाईच्या पेनने खोडून तिथे 'धरण १९६५ मध्ये झाले होते' असे लिहिले. ज्यांच्याकडे आधीची प्रत आहे त्यांनी कृपया तशीच दुरुस्ती करून घ्यावी. शिशाविषयी चार ओळींची चिठ्ठी छापून प्रत्येक प्रतीत घालणार आहेत. 'लालबुंद' मात्र ते बदलायला तयार नाहीत. "मी पाहिलं तेव्हा लालच होतं, बाईंना म्हणावं कोळशाचा उजेड पडला असेल," असे त्यांचे म्हणणे आहे. @रसायनाचा तास, यावर मी मध्यस्थी करणार नाही.

आपला प्रतिसाद, @तांबटाची लेक, त्यांनी सर्वांत शेवटी वाचला आणि तो कागद बाकीच्यांत न ठेवता वहीत घातला. आज सकाळी फोन करून विचारले की आपल्या वडिलांची हरकत नसेल तर त्यांना भेटायला आले तर चालेल का. पुस्तकासाठी का, असे मी विचारले. ते म्हणाले, आधी भेटू तर दे.

तांबटाची लेक

वडिलांना विचारले. या म्हणाले. सकाळी नऊच्या आत यावे, नंतर ते झोपतात. उजव्या बाजूला बसावे आणि मोठ्याने बोलावे लागेल. येताना ती वही बरोबर आणावी, वडिलांना पाहायची आहे. पत्ता व्यनि करते.